संकीर्णवर्गाचे माहात्म्य

ज्ञानाची तृष्णा हे मनुष्याचे व्यवच्छेदक लक्षण असल्याचे तत्त्ववेत्त्यांनी फार पूर्वीच ठरवून टाकले, आणि त्या निवाड्यावर अपील करण्याची तसदी पुढे कोणी घेतली नाही. परंतु आपल्या परिचयातील सुशिक्षित माणसांचे फोन ज्याने किंचित कुतूहलाने पाहिले असतील, त्याच्या हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही की, मनुष्याला ज्ञानाची जेवढी ओढ आहे तिच्या दसपट ओढ ज्ञानासाठी कप्पे पाडण्याची आहे; आणि कप्पे एकदा मनासारखे पडले म्हणजे त्यांत घालावयाचे ज्ञान मिळाले काय आणि न मिळाले काय, त्याच्या चित्ताची प्रसन्नता यत्किंचितही ढळत नाही. नवी वही आणल्यावर पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडणारा, मथळे तांबड्या शाईने आणि मजकूर निळ्या शाईने लिहिण्याचा संकल्प करणारा आणि तिसऱ्या पानावर वही कायमची मिटून ठेवणारा विद्यार्थी प्रत्येक पिढीत होऊन गेला आहे. पूर्वी कागदाच्या किमतीमुळे त्याच्या या वृत्तीस थोडा आळा बसत असे. आता एव्हरनोट, नोशन, ऑब्सिडियन इत्यादी नावांची जी टिपणांची अ‍ॅपे निघाली आहेत त्यांत पाने अनंत आणि शाईचे रंग मागाल तितके. त्यामुळे हा विद्यार्थी पन्नाशीला पोचला तरी तिसऱ्या पानापर्यंत जाण्याचे त्याला प्रयोजनच पडत नाही.

माझा भाचा हा या संप्रदायातील एक निष्ठावान साधक आहे. तो हिंजवडीला एका संगणक-कंपनीत नोकरीस असून आमच्याकडेच राहतो, आणि सकाळी कंपनीच्या बसमध्ये व रात्री जेवणानंतर आपल्या टिपणांची व्यवस्था लावीत असतो. टिपणे लिहितो असे मी म्हटलेले नाही, व्यवस्था लावतो असे म्हटले आहे. आणि हा भेद वाचकांनी मनात ठेवला तर पुढील मजकूर समजण्यास सोपे जाईल.

या संप्रदायात दोन पंथ आहेत. पहिला पंथ विषयवाद्यांचा. ते आरोग्य, अर्थ, प्रवास, अध्यात्म अशी खाती पाडतात आणि गुडघेदुखीचे टिपण आरोग्यात व वाराणसीच्या गाड्यांचे वेळापत्रक प्रवासात घालून निर्वेधपणे झोपी जातात. दुसरा पंथ प्रकारवाद्यांचा, आणि त्याचे तत्त्वज्ञान अधिक सूक्ष्म आहे. टिपण कशाविषयी आहे हा प्रश्न त्यांच्या मते गौण होय; ते मुळात आहे काय, पुस्तक की व्यक्ती, बैठक की अवतरण, कल्पना की पाककृती, हे आधी ठरले पाहिजे. कॅपॅसिटीज, टाना, एनीटाइप ही अ‍ॅपे याच सिद्धांतावर उभी आहेत. टिपणाचा प्रकार एकदा सांगितला की त्या प्रकाराला शोभतील असे रकाने आपोआप पुढे येतात : 'पुस्तक' म्हणताच लेखक, प्रकाशनवर्ष, वाचले किंवा कसे, 'व्यक्ती' म्हणताच फोन, जन्मदिवस, प्रथम भेट कोठे झाली. ऑब्सिडियनमध्येही 2023 पासून टिपणाच्या माथ्यावर असे गुणधर्मांचे रकाने नीट मांडण्याची सोय झाली आहे. न्यायाने बोलावयाचे तर यात गैर काही नाही. पुस्तकाला जन्मदिवस विचारू नये आणि व्यक्तीला पृष्ठसंख्या विचारू नये, हा साधा शिष्टाचार आहे, आणि यंत्राला तो शिकविता आला तर उत्तमच.

भाच्याने आरंभ तीनच प्रकारांनी केला होता. सोन्के आरेन्स यांचे 2017 साली निघालेले टिपणशास्त्रावरील पुस्तक या मंडळींत प्रमाणग्रंथ मानले जाते, आणि त्यात क्षणिक, ग्रंथविषयक आणि स्थायी असे टिपणांचे भेद केलेले आहेत. क्षणिक टिपण एकदोन दिवसांत निकालात काढावे, त्यात काही सत्त्व असल्यास ते स्थायी टिपणात उतरवावे आणि बाकीचे टाकून द्यावे, अशी त्यातील आज्ञा आहे. या आज्ञेचे पालन आमच्या घरात कसे झाले ते सांगण्यासारखे आहे. 'दूध, कोथिंबीर, चिकटपट्टी' हे क्षणिक म्हणून नोंदलेले टिपण एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सुखरूप स्थलांतर करून आजमितीस तेथे नांदत आहे, आणि 'माझी जीवनविषयक भूमिका' हे स्थायी वर्गातील टिपण पहिल्याच स्थलांतरात गहाळ झाले.

पुढे रकान्यांचा छंद लागला. एकदा इमारतीचा पाण्याचा पंप बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने येण्याचा वार कळविला, तेव्हा भाच्याने त्याची जी नोंद केली ती मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. प्रकार : कार्य. उपप्रकार : गृहव्यवस्था. स्थिती : प्रलंबित. प्राधान्य : मध्यम. स्रोत : मौखिक. संबंधित व्यक्ती : पंपवाला, आणि या शब्दाखाली रेघ, कारण त्यावर बोट ठेवले असता पंपवाल्याच्या नावाचे एक स्वतंत्र पान उघडत असे, ज्यात जन्मदिवसाचा रकाना रिकामा होता. लागणारी ऊर्जा : अल्प. निर्मितीचा दिनांक, शेवटच्या संपादनाचा दिनांक, पुनरावलोकनाचा दिनांक. आणि या सर्व राजचिन्हांच्या खाली, पाटाखाली सापडलेल्या मुंगीसारखे एक वाक्य : 'पंपवाला गुरुवारी येईल.' पंपवाला खरोखरच गुरुवारी आला. घरात कोणी नव्हते, कारण भाच्याने सकाळी फक्त 'उच्च' प्राधान्याची कामे दाखविणारा तक्ता उघडला होता, आणि पाणी मध्यम प्राधान्यात होते.

तथापि पंपाचे टिपण स्वभावाने सरळ होते. प्रकारवादाची खरी कसोटी लागली ती नाशिकच्या एका लग्नात. पंगतीत भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. माझ्या गुडघ्याची हकीकत ऐकून त्यांनी संगमनेरच्या एका वैद्यांचे तेल सुचविले, ते रात्री झोपताना कोमट करून चोळावे असे सांगितले, बोलण्याच्या ओघात आपला फोन नंबर दिला, मठ्ठ्यात आले किसून न घालता ठेचून घालावे हा सिद्धांत मांडला आणि वाढपी जिलबी घेऊन आल्यामुळे ते थांबले. भाच्याने हात धुताच हे सारे एका टिपणात उतरविले. येथवर त्याचे वर्तन निर्दोष होते. परंतु परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्याला प्रश्न पडला की, या टिपणाचा प्रकार कोणता? 'व्यक्ती' म्हणावे तर तेल दडपले जाते. 'औषध' म्हणावे तर मठ्ठ्याची वाट काय? 'पाककृती' म्हणावे तर गुडघा अनाथ होतो. 'भेट' म्हणावे तर भेटीला विषयपत्रिका हवी, आणि पंगतीला ती नसते. सिन्नर मागे पडले, तरी वाद मिटेना. बस संगमनेरच्या स्थानकात बराच वेळ उभी होती, लोक चहा पिऊन आले, आणि हे चिरंजीव खिडकीशी बसून 'ऐकीव सल्ला' असा एक नवा प्रकार निर्माण करून त्याचे रकाने आखण्यात गढलेले होते. चंदनापुरीचा घाट चढत असता सर्व रकाने पूर्ण झाले आणि 'उपलब्धतेचे ठिकाण' या रकान्यात त्याने समाधानाने 'संगमनेर' असे लिहिले. तेल अद्याप आलेले नाही.

एका वस्तूला एकच घर नेमून द्यावयाचे ठरविले की हा प्रसंग येणारच, हे आपल्याकडील एका थोर पुरुषाने फार पूर्वी ओळखले होते. गणिताचे अध्यापन सोडून 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कारभार हाती घेणाऱ्या रंगनाथन यांना ग्रंथांच्या रांगा लावताना हाच अनुभव आला असला पाहिजे. कारण 1933 मध्ये त्यांनी जी कोलन वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली तिच्यात कोणताही विषय एका खोक्यात न कोंबता त्याची व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशी पाच अंगे वेगळी करून पुन्हा जोडण्याची युक्ती आहे. मी ती आमच्या टिपणाला लावून पाहिली आणि मला विलक्षण समाधान वाटले. व्यक्तित्व : गुडघा. द्रव्य : तेल. ऊर्जा : चोळणे. अवकाश : संगमनेर. काल : रात्री झोपताना. ग्रंथालयशास्त्राच्या इतिहासात इतके सर्वांगपरिपूर्ण टिपण क्वचितच झाले असेल. फक्त मठ्ठा तेवढा उरतो, आणि तो नेहमीच उरतो. शिवाय रंगनाथन यांनी ही खटपट केली ती हजारो अपरिचित वाचकांसाठी, ज्यांना काय हवे ते ग्रंथपालास आधी कळण्याचा मार्ग नसतो. भाच्याच्या ग्रंथालयाला वाचक एक, ग्रंथपाल तोच, आणि दोघांची गाठ पडण्याचा प्रसंग क्वचित.

यानंतर प्रकारांची वीण वाढू लागली. 'ऐकीव सल्ला' मागोमाग 'ऐकीव सल्ला (वैद्यकीय)' आला. 'कल्पना' या प्रकारातून 'अर्धवट कल्पना' वेगळी निघाली, आणि 'दुसऱ्याची कल्पना' हिला मानाने स्वतंत्र बिऱ्हाड देण्यात आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात राजा, दुर्ग, शस्त्रे, सेना, लेखन आणि बाजारपेठ धरून अवघे दहा वर्ग आहेत, आणि तेवढ्यात हिंदवी स्वराज्याचा शब्दव्यवहार मावला; दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माझ्या भाच्याला मात्र तितके वर्ग नुसत्या पुस्तकांनाच अपुरे पडले, कारण आणलेली, मागितलेली, वाचावयाची, वाचली असे सांगावयाची आणि परत करावयाची राहिलेली, या प्रत्येकाचा स्वभाव निराळा. या सर्व कुळांच्या तळाशी 'इतर' नावाचा एक निराधार प्रकार होता, आणि होता होता तो इतका फुगला की बाकीचे सारे प्रकार एकत्र केले तरी त्याची बरोबरी होईना. भाचा खिन्न झाला. 'इतर' हे त्याला स्वतःच्या बुद्धीचे अपयश वाटू लागले.

मी त्याचे जे सांत्वन केले ते शास्त्राधाराने केले. अमरसिंहासारखा वर्गीकरणाचा महामेरू, ज्याने स्वर्ग, व्योम, दिशा, काल, भूमी, नगर, पर्वत, वनस्पती, सिंहादी प्राणी आणि मनुष्य असे सारे विश्व वर्गावर्गांनी रांगेत उभे केले, त्यालाही आपल्या कोशाच्या तिसऱ्या कांडात 'संकीर्णवर्ग' नावाचा एक वर्ग करावाच लागला. पाश्चात्त्यांचे पाहावे तर मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये मनुष्याचे यच्चयावत ज्ञान दहा भागांत वाटले आणि कोठेही न बसणाऱ्या सर्वसाधारण ग्रंथांना शून्याचा मान देऊन अगदी प्रारंभी बसविले. त्याच ड्यूईंनी धर्माला दोनशेचा आकडा नेमून दिला, त्यातील 220 पासून 280 पर्यंतची सारी दालने ख्रिस्ती धर्माच्या वाटणीस दिली आणि पृथ्वीवरील उरलेले सर्व धर्म 290 या एका 'इतर'मध्ये दाटीवाटीने बसविले, ज्यात आपले ऋषी, आचार्य आणि संत हे सर्व येतात. ज्या वर्गात साक्षात ज्ञानेश्वरमहाराजांना जागा धरावी लागली, त्या वर्गात मठ्ठ्याची कृती जाऊन बसली तर तिने लाजण्याचे कारण काय? वस्तूचा प्रकार हा वस्तूत नसून कप्पे आखणाऱ्याच्या घराची दारे कोणत्या दिशेस उघडतात यावर असतो. संकीर्ण म्हणजे निकृष्ट नव्हे, संकीर्ण म्हणजे ज्याचा कप्पा करण्यास आखणाऱ्याला सवड झाली नाही ते.

भाच्याने यावर मला निकलास लुमान यांचा दाखला दिला. लुमान हे या संप्रदायाचे आदिपुरुष. 1927 मध्ये जन्मलेल्या आणि 1998 मध्ये निवर्तलेल्या या जर्मन समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभरात सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांत ठेवल्या आणि त्यांच्या बळावर सत्तरच्या आसपास ग्रंथ रचले, ही कथा टिपणवाल्यांत भक्तिभावाने सांगितली जाते. परंतु भक्त मंडळी ज्या कथाभागावरून घाईने पुढे जातात तोच मला बोधप्रद वाटतो. ग्रंथांच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या ठेवून आणि शोधासाठी एक सूची करून लुमान थांबले. विचारांच्या चिठ्ठ्यांचे प्रकार पाडण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. नवी चिठ्ठी जिच्या विचाराशी जुळेल तिच्या पाठीशी ठेवावी, तिला अंक आणि अक्षर यांची एक शेपटी जोडावी आणि दूरच्या नातलगांचे क्रमांक तिच्यावर टिपून ठेवावेत, एवढीच त्यांची रीत. चिठ्ठीचे कूळ न विचारता ती कोणाशी बोलणार एवढेच त्यांनी पाहिले. आणि याहून मौजेची गोष्ट अशी की, बिलेफेल्डच्या विद्यापीठात प्राध्यापक होण्यापूर्वी हे गृहस्थ लोअर सॅक्सनी प्रांताच्या सरकारी नोकरीत होते. आज कॅलिफोर्नियापासून कर्वेनगरपर्यंत ज्यांच्या नावाने टिपणे लिहिली जातात, ते आदिगुरू कचेरीतून आलेले होते!

कचेरीचे नाव निघाले की मला आमच्या शेजारच्या अण्णांची आठवण होते. परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी दुकानदाराचाही हक्क मान्य केला पाहिजे. आपल्याकडील सावकार आणि व्यापारी रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या ठेवीत. घडलेला व्यवहार घडल्या क्रमाने कीर्दीत उतरवावयाचा, तेथे जात-प्रकार पुसावयाचा नाही. आणि मग सवडीने तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर कीर्दीचे पान घालून खतावावयाचा. आजच्या अ‍ॅपांतून 'रोजचे टिपण' आणि त्यातून निघणारे 'दुवे' म्हणून ज्याचा डांगोरा पिटला जातो, ते दुसरे काय आहे? फरक इतकाच की मुनीम दिवे लागल्यावर खतावणी पुरी करून मगच घरी जात असे, आणि आपण ती रविवारी करू असे म्हणतो. व्हॉट्सॲपने 2022 च्या अखेरीस स्वतःलाच निरोप पाठविण्याची सोय करून दिली तेव्हा तर कीर्दीचा पुरता विजय झाला. त्यापूर्वीही लोक बायकोला घेऊन दोघांचा समूह काढीत, तिला लगेच त्यातून कमी करीत आणि उरलेल्या एकांतात गॅसचा नंबर, विम्याचा हप्ता, आवडलेले सुभाषित आणि गाडी उभी केलेल्या खांबाचा फोटो पाठवीत बसत. माझ्या पत्नीचे सारे ज्ञान या एका धाग्यात आहे. त्याला प्रकार नाही, रकाना नाही, रंग नाही. आणि घरातील कोणालाही काही हवे असले की आम्ही भाच्याच्या अ‍ॅपकडे न जाता तिच्याकडे जातो. संगमनेरच्या वैद्यांचा पत्ताही अखेर तिने नाशिकच्या यजमानीणबाईंकडून मागवून त्यातच ठेवला आहे.

आता अण्णा. हे आमच्या मजल्यावर समोर राहतात, आणि नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली. कागद पाहण्याची त्यांची एक निराळीच दृष्टी आहे : ते मजकूर वाचण्यापूर्वी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात काही शेरा आहे काय हे पाहतात. एका रविवारी भाच्याने मोठ्या हौसेने आपली सारी प्रकारव्यवस्था त्यांना दाखविली. अण्णांनी चष्मा वर सरकवून शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, हे सगळं ठीक, पण या कागदाचं पुढं काय करायचं, ते कुठं लिहिलंयस?"

"म्हणजे काय, अण्णा?"

"म्हणजे असं. हा कागद कोण आहे ते तू लिहिलंस. त्याचं काय व्हायचंय ते लिहिलं नाहीस. आमच्याकडं कागदाला कूळ विचारीत नसत, गठ्ठा विचारीत."

आणि त्यांनी त्याला सरकारी कचेऱ्यांतील सहा गठ्ठा पद्धती समजावून दिली. टेबलावरची चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात. ज्यांवर दुसऱ्या कोणाचे उत्तर यावयाचे आहे ती प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात. ठरावीक मुदतीने पाठवावयाची नियतकालिक विवरणे तिसऱ्यात. वारंवार लागणारे स्थायी आदेश चौथ्यात. निकाली निघून अभिलेख कक्षात जावयाची प्रकरणे पाचव्यात. आणि नष्ट करावयाचे कागद सहाव्यात. भाच्याने हे ऐकले आणि तो उठून उभाच राहिला. कारण त्याच्या संप्रदायातील आणखी एक आचार्य टियागो फोर्टे यांनी, ज्यांचे 'दुसरा मेंदू' कसा बांधावा यावरील पुस्तक 2022 मध्ये निघाले, हाच उपदेश केलेला आहे : टिपणे विषयाने लावू नका, प्रकाराने लावू नका, त्यांचा उपयोग कोठे होणार यावरून लावा, हाती घेतलेली कामे, कायमच्या जबाबदाऱ्या, संदर्भसाहित्य आणि जुने दप्तर असे चार भाग करा. "अण्णा, ही तर पॅरा मेथड!" भाचा म्हणाला. "असेल," अण्णा म्हणाले, "पण त्यांचे चारच गठ्ठे दिसतात. सहावा कुठाय?"

हा प्रश्न मला मार्मिक वाटला. दफ्तर लावण्याच्या प्रत्येक पद्धतीमागे ते लावणाऱ्याचे प्रयोजन दडलेले असते, आणि प्रयोजन बदलले की पद्धत निरुपयोगी होते. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे पाहा. इंग्रजी अमलात त्या रुमालांचे मोल मानले गेले ते मुख्यतः इनामे आणि वतने यांच्या चौकशीसाठी. कोणत्या देवस्थानाला किती बिघे जमीन कोणत्या सनदेने मिळाली, हा तेव्हाचा सवाल होता. पुढे इतिहासकारांना पानपत हवे झाले, खलिते हवे झाले, माणसे हवी झाली. रुमाल तेच, अक्षर तेच. परंतु ज्या वाटेने इनामदार आत गेला त्या वाटेने इतिहासकाराला जाता येईना, आणि रियासतकार सरदेसायांना 1930 ते 1934 या काळात तेथील निवडक कागद 45 खंडांत नव्याने लावून छापावे लागले. ठेवणारा प्रकार पाहतो आणि शोधणारा प्रसंग पाहतो. या दोघांची भाषा एक होण्याचा योग फार विरळा. भाच्याच्या उद्योगातील वैगुण्य मला त्या दिवशी नीट उमगले : तो प्रत्येक टिपणाला 'तू कोण' असे विचारीत होता, आणि ज्या दिवशी त्याला ते टिपण लागेल त्या दिवशी तो 'तू कशाला' असे विचारणार होता.

अण्णांनी त्या दिवशी संपूर्ण दप्तर तपासण्याचे मनावर घेतले. कचेरीत प्रत्येक निकाली कागदाला अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर मिळते. 'अ' म्हणजे कायम जतन करावयाचे, 'ब' म्हणजे तीस वर्षे, 'क' त्याहून कमी मुदतीचे, आणि 'ड' म्हणजे वर्ष उलटल्यावर नष्ट करावयाचे. भाच्याने एकेक टिपण वाचावे आणि अण्णांनी क्षणाचाही विलंब न लावता अक्षर सांगावे, असा तो दरबार दुपारच्या चहापर्यंत चालला. "फ्लॅटच्या करारनाम्याची तारीख." "अ." "वाहनपरवान्याचा नंबर." "ब." "यशस्वी माणसे पहाटे काय करतात." "ड." "2021 मध्ये शिकावयाच्या भाषा." "ड." "पंपवाला गुरुवारी येईल." "ड. येऊन गेला ना तो?" "सर्जनशीलतेवरील एका भाषणाचा सारांश." "काय होतं त्यात?" भाच्याने टिपण उघडले. रकाने सर्व भरलेले होते. सारांश लिहावयाचा राहिला होता. अण्णांनी अक्षर उच्चारण्याचेही श्रम घेतले नाहीत, नुसते बोटाने हवेत काढून दाखविले. दरबार संपला तेव्हा 'अ' वर्गात जे उरले ते पत्नीच्या धाग्यात आधीपासूनच होते.

सरकारी कचेरीची आपण आयुष्यभर थट्टा करतो, आणि तिची दिरंगाई पाहता ती थट्टा तिला शोभूनही दिसते; परंतु कागद नष्ट करणे हेही एक काम आहे, त्याला मुदत आहे आणि त्यासाठी वेगळा गठ्ठा आहे, हे शहाणपण तिने जितक्या निर्विकारपणे अंगी बाणविले तितके ते अ‍ॅपांच्या आचार्यांना साधलेले नाही. कचेरीच्या फडताळाला मर्यादा होती, म्हणून तिला विसरण्याचे नियम करावे लागले. आमच्या फोनला मर्यादा राहिली नाही, म्हणून विसरण्याचे काम आम्ही कप्प्यांवर सोपविले आहे; टिपण योग्य प्रकारात जाऊन पडले की ते विसरण्याचा आम्हांला नैतिक अधिकार प्राप्त होतो. तेव्हा मी भाच्याला म्हणालो, "आता धीर कर आणि हे 'ड' सगळं एकदम पुसून टाक." त्याला ते पटले. अण्णांचे त्याने मनापासून आभार मानले, सहावा गठ्ठा हा आपल्या व्यवस्थेतील गाळलेला दुवा होता असेही तो म्हणाला, आणि त्याच रात्री त्याने 'नष्ट करावयाचे' या नावाचा एक नवा प्रकार निर्माण केला. त्याचा रंग करडा आहे. त्याला नष्ट करण्याचे कारण, नष्ट करण्याची शिफारस करणारी व्यक्ती, शिफारशीचा दिनांक आणि फेरविचाराचा दिनांक असे चार रकाने आहेत, अण्णांच्या नावाखाली रेघ आहे, आणि जी टिपणे नष्ट करावी की न करावी याचा निर्णय होत नाही त्यांच्यासाठी त्या प्रकाराच्या पोटात 'इतर' नावाचा एक उपप्रकारही आहे.